लेथचा नंबर

प्रोफेसर गेले तेव्हा डिपार्टमेंटने त्यांची माहिती माझ्याकडे मागितली. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, पुस्तकं. वेबसाइटवर टाकायला एक परिच्छेद हवा होता. त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलेली आणि अजून नोकरीवर टिकलेली मी एकटीच उरले होते, म्हणून मला विचारलं. मी अर्ध्या तासात लिहून दिलं. अमेरिकेच्या मधल्या भागातलं एक कारखान्याचं गाव, वडील फाउंड्रीत, स्कॉलरशिपवर मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत बारा-पंधरा वर्षं, मग पीएचडी, मग सिडनी आणि सिडनीतच निवृत्तीपर्यंत शिकवणं. तापलेले धातू कसे वागतात यावर दोन पुस्तकं. परिच्छेद बरा झाला. दोन शब्द बदलून तसाच लागला.

त्यात जे नव्हतं ते इथे लिहिते, कारण त्यातला एक भाग माझ्या हातून घडला आहे.

मी त्या लॅबची मॅनेजर. त्याआधी सहा वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स पाहिला, मग नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. तो आयटीतला, त्याला आठवड्यात नोकरी मिळाली. मला आठ महिने लागले. इंटरव्ह्यूला प्रोफेसरांनी एक खराब झालेलं बेअरिंग माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "हे कशाने गेलं?" मी फिरवून पाहिलं आणि म्हटलं, "ग्रीस बदललं नाही. आणि ज्याने बदललं नाही त्याने रजिस्टरमध्ये बदललं असं लिहिलंय." ते मोठ्याने हसले. सोमवारपासून ये म्हणाले. पहिल्याच आठवड्यात ते गॉगल न घालता ड्रिलवर उभे होते, मी त्यांना लॅबबाहेर काढलं. तेव्हापासून ते मला 'बॉस' म्हणायला लागले.

उंच, हाडकुळा माणूस. बायको कॅन्सरने लवकर गेलेली, मूल नाही. शिकवताना फळ्यावर कधी आकृती काढत नसत, वस्तू आणत. विद्यार्थ्यांच्या हातात मोडका शाफ्ट, फाटलेली नळी द्यायचे आणि वाट बघत उभे राहायचे. कोणी पुस्तकातलं उत्तर दिलं की म्हणायचे, "पुस्तक इथे नव्हतं. तू आहेस. काय दिसतंय?" विद्यार्थी घाबरायचे आणि पुढची वीस वर्षं ईमेल पाठवायचे.

तळघरात त्यांची एक चौकट होती. लॉरीच्या चासीचे दोन जाड तुळयांसारखे तुकडे उभे करून त्यांनी स्वतः बांधलेली. मधोमध एक छोटी भट्टी, भट्टीत बोटाएवढा जाड पोलादी रॉड. वरचं टोक चौकटीला घट्ट, खालच्या टोकाला एक लांब दांडा, दांड्याला वजनं लटकवलेली. वजनं कुठल्याशा बंद पडलेल्या जिममधली. भट्टी चोवीस तास एकाच तापमानाला. पोलाद तापलेलं असलं आणि त्याला सतत ओढ असली की ते हळूहळू लांबत जातं, इतकं हळू की डोळ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षं लांबतं आणि एक दिवस तुटतं. रॉडची वाढ मोजणाऱ्या डायल गेजचा काटा आठवड्याला एखाद-दोन घरं पुढे सरकायचा. प्रोफेसर दर सोमवारी सकाळी दहाला येऊन काटा वाचायचे आणि वहीत पेन्सिलीने लिहायचे. कॉम्प्युटर जोडा म्हणून मी दोनदा सांगितलं. "तो चुकला तर मी कोणाला विचारू?" असं त्यांचं उत्तर.

तो रॉड चढवताना मी मदतीला होते. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. वजनं लावून झाली, आम्ही हात पुसले, आणि तेव्हा त्यांनी सांगितलं.

एकतिसाव्या वर्षी बॉयलर कंपनीत असताना त्यांनी एका वीजकेंद्राच्या वाफेच्या नळीचं आयुष्य काढून दिलं होतं. वीस वर्षं टिकेल अशा नळीला कोणी वीस वर्षं तपासत बसत नाही. जास्त तापमानाला थोड्या दिवसांच्या चाचण्या करतात, कागदावर ठिपके टाकतात आणि पट्टी लावून रेघ पुढे ओढतात. सगळेच तसं करत. त्यांनी ओढली आणि उत्तर आलं वीस वर्षं. नळी दहा वर्षं दहा महिन्यांनी फाटली. शेजारून एक ऑपरेटर चालला होता, तो जागीच गेला. चौकशी झाली. केंद्राच्या लोकांनी नळी सांगितल्यापेक्षा जास्त गरम चालवली असं कंपनीच्या वकिलांनी मांडलं. केंद्राने नाही म्हटलं, मग आपसात मिटवलं. कागद बंद झाले. प्रोफेसरांची रेघ कोणी तपासलीच नाही.

त्यांनी त्याच नळीच्या लॉटमधला एक तुकडा मागून घेतला होता. नोकरी सोडताना, देश सोडताना, घरं बदलताना तो बरोबर राहिला. त्यातून हा रॉड कापला होता. तेच पोलाद, तेच तापमान, तेवढीच ओढ. घाई नाही. रॉड दहा वर्षं दहा महिने ओलांडून नीट पुढे गेला, तर नळी खरोखर जास्त तापवली होती. त्याच्या आसपास तुटला, तर रेघ चुकली होती.

"इतकी वर्षं का थांबलात?" मी विचारलं. तुकडा हातात असलेल्या माणसाने तीस वर्षं तो कपाटात का ठेवावा, मला कळेना.

"उत्तर आलं असतं ना," ते म्हणाले.

एका रॉडवरून काहीच सिद्ध होत नाही हे त्यांना माहीत होतं. ते सेकंड इयरला हेच शिकवायचे. मी तसं बोललेसुद्धा. "नाही होत," म्हणाले आणि चाचणीचा काळ मोजणारं घड्याळ सुरू केलं.

निवृत्तीनंतरही ते सोमवारी येत राहिले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला मी लॅबमधली सगळी यंत्रं बंद करून पुसते, फूल ठेवते, भोसरीतली सवय. ते फक्त त्या भट्टीपुढे हात आडवा धरून उभे राहायचे. "हिला रजा नाही." मग मी भट्टी चालू असतानाच चौकटीवर झेंडू ठेवायचे. उष्णतेने तो तासाभरात वाळायचा.

महामारी आली तेव्हा रॉडला नऊ वर्षं होऊन गेली होती.

पहिला लॉकडाऊन लागला आणि गुरुवारी ईमेल आला की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ज्या यंत्रांची वीज बंद करायची नाही त्यांची यादी भरा. बाकी सगळे बोर्ड बंद होणार. फॉर्ममध्ये युनिव्हर्सिटीचा मालमत्ता नंबर घातल्याशिवाय ओळ पुढे सरकत नव्हती. आमच्या चौकटीला नंबर नव्हताच. भंगारातून बनवलेली, कधी विकत घेतलीच नव्हती. ऑडिटवाले यायचे तेव्हा मी तिच्यावर चादर टाकून तिला फर्निचर म्हणत आले होते. नवा नंबर घ्यायला सहा आठवडे, आणि नंबर देणारी बाई त्याच दिवशी घरून काम करायला गेली होती.

चार फुटांवर एक जुना लेथ, धातू कातायचं यंत्र, उभा होता. कोणी वापरत नव्हतं, पण त्याला नंबर होता, आणि दोघांची वीज एकाच बोर्डावरून. मी लेथचा नंबर टाकला, शेजारी लिहिलं 'दीर्घ चाचणी, बंद करू नये'. हिरवी खूण आली. भोसरीत आम्ही अशी कामं रोज करायचो. कागदाला काय हवं ते कागदाला द्यायचं आणि मशीन चालू ठेवायचं.

प्रोफेसरांना फोन करून सांगितलं. "म्हणजे मी आता लेथ झालो," म्हणाले. खूश होते.

सत्तरीपुढच्या माजी लोकांची कार्डं बंद झाली, त्यांना कॅम्पसवर यायची मनाई. मग सोमवारचं रीडिंग माझ्याकडे आलं. रिकाम्या पार्किंगमध्ये कुठेही गाडी लावायची, दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि तळघरात उतरायचं. विद्यार्थी नसल्याने कचऱ्याचे डबे रिकामे, आणि त्यामुळे आयबिस पक्षी चिडलेले, माणसाच्या मागे लागायचे. काटा वाचायचा, वहीत लिहायचा, साडेदहाला फोन.

"किती?"

"दोन घरं."

"भट्टी?"

"जागेवर."

"बॉस, तू जागेवर?"

"मी इथेच आहे, कुठे जाणार."

ते घरी दुसऱ्या वहीत तोच आकडा लिहून घ्यायचे. घरी मात्र माझी टिंगल. मुलगी युनीत सेकंड इयरला, पार्टटाइम एका केमिस्टच्या दुकानात. "मॉम, यू आर ब्रेकिंग लॉकडाऊन फॉर अ रॉड?" नवरा डायनिंग टेबलवर हेडफोन लावून बसलेला असायचा, तरी बरोबर ऐकू यायचं त्याला. "रॉड म्हणू नकोस, तिचा तो पहिला संसार आहे. आपण दुसरे."

दुसऱ्या वर्षी ते घरात पडले आणि केअर होममध्ये गेले. हृदय कमजोर झालं होतं. वही बरोबर नेली.

त्याच वर्षी डेल्टा आला आणि सिडनी पुन्हा बंद झाली. आम्ही केलीव्हिलला, सिडनीच्या एका उपनगरात. वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून पोहे-तूरडाळ आणायची तर तो भाग आमच्या पाच किलोमीटरच्या हद्दीपलीकडचा, आणि तिथे निर्बंध आणखी कडक. आम्ही महिनाभर सुपरमार्केटच्या मसूर डाळीवर होतो. त्यातच युनिव्हर्सिटीने दोन डिपार्टमेंट एकत्र करायचं ठरवलं, जागा रिकामी करा म्हणाले. निकामी वस्तूंची यादी मला पाठवली, चाळीसेक ओळी. अकराला सरकारची कोरोनाच्या आकड्यांची रोजची प्रेस कॉन्फरन्स लागायची, तिच्याआधी संपवायची म्हणून मी सकाळीच बसले. एकेक ओळ वाचून खूण केली, खाली सही केली. त्यात लेथ होता. लेथ मला आठवला: किती वर्षं जागा अडवून बसलाय असंही मनात आलं. फॉर्म आठवला नाही.

पुढच्या सोमवारी गेले तेव्हा लेथ उचलून नेलेला होता. तळघरात मोकळं मोकळं वाटलं. मी त्या जागेवर झाडू मारला, रीडिंग घेतलं, फोन केला. दहा वर्षं साडेसात महिने होत आले होते. प्रोफेसर आता सोमवार मोजत नव्हते, दिवस मोजत होते.

बुधवारी मुलीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. दुकानात कोणाकडून तरी. सगळं घर चौदा दिवस बंद. तिला ताप, खोकला. मी तिच्या दाराबाहेर ताट ठेवायचे आणि ती आतून मेसेज करायची, 'टू मच मीठ.' म्हणजे ठीक होती.

शुक्रवारी दुपारी एक ईमेल आला. 'काम पूर्ण.' काढून टाकलेल्या यंत्राचा बोर्ड कायमचा बंद केला, सोबत फोटो. फोटोत बोर्ड होता, बोर्डाला लाल कुलूप होतं, आणि मागे आमची चौकट. भट्टीचा दिवा विझलेला.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. मग कारण शोधायला फार वेळ लागला नाही. निकामी यादीतून लेथ गेला तसा 'बंद करू नये' यादीतूनही त्याचा नंबर आपोआप गेला. सिस्टिमने आपलं काम बरोबर केलं होतं. इलेक्ट्रिशियननेही. गुरुवारी दुपारी वीज गेली होती, म्हणजे भट्टी चोवीस तास गार. धोक्याची घंटा होती तिला, बॅटरीवरची. ती रिकाम्या तळघरात बॅटरी संपेपर्यंत वाजली असणार.

मेंटेनन्सला फोन लावला. "काम सिस्टिममध्ये क्लोज झालंय, नवी ऑर्डर टाकावी लागेल," पलीकडची बाई म्हणाली. मी आवाज चढवला. तिने नो वर्रीज म्हणून इलेक्ट्रिशियनला निरोप दिला. तासाने त्याचाच फोन आला. माणूस चांगला होता.

"सॉरी, मला वाटलं ते पण भंगारच आहे. मी जवळच आहे, जाऊन स्विच ऑन करू का? धिस आर्वो, आज दुपारीच?"

"नको," मी म्हटलं.

मला समजावून सांगावं लागलं. वजनं लटकलेली असताना गार भट्टी एकदम चालू केली की ती जुनी भट्टी तापमान ओलांडून पुढे पळते आणि मग खाली येते. तेवढ्यात रॉड जाऊ शकतो. आधी वजनं उतरवायची, तीही एका ठरावीक क्रमाने, मग दिवसभर बसून हळूहळू तापवायचं. चौकटीवर प्रोफेसरांच्या अक्षरातलं कार्ड होतं तसं. ते करू शकणारी माणसं तीन. एक केअर होममध्ये, जिथे भेटायला बंदी. दुसरी मी. तिसरा एक जुना पीएचडी विद्यार्थी, तो मेलबर्नला, मधे सीमा बंद.

"मग काय करू?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

"काही करू नका."

इतकं निरुपयोगी वाक्य मी नोकरीत कधी बोलले नव्हते.

प्रोफेसरांना त्याच दिवशी सांगितलं. अशा गोष्टी उद्यावर ठेवल्या की बिघडतात. लेथ, फॉर्म, सही, सगळं क्रमाने सांगितलं. केअररने टॅबलेट धरला होता, प्रोफेसरांचं अर्धं कपाळ आणि मागचा पडदा दिसत होता.

ते म्हणाले, "सही तुझीच?"

"माझीच."

"तारीख आहे?"

"आहे."

"नशीबवान आहेस."

मला राग आला. "टोमणे मारू नका, मला आधीच..."

"टोमणा नाही, बॉस. तुझी चूक कुठल्या कागदावर, कुठल्या ओळीत आहे ते तुला दाखवता येतं. मी चाळीस वर्षं तेवढंच शोधतोय."

मी विचारलं, पुन्हा तापवायचा की इथेच थांबवायचं? त्यांचा आवाज थोडा बदलला. वीजकेंद्र दरवर्षी दुरुस्तीसाठी बंद ठेवायचे, म्हणाले. दोन-दोन आठवडे. म्हणजे खरी नळीसुद्धा गार व्हायची आणि पुन्हा तापायची. "मीच रॉडला जास्त लाडात ठेवलं. एक सुट्टी मिळाली तर हरकत नाही. तू बाहेर आलीस की तापव."

मग मी चौदा दिवस केलीव्हिलमध्ये बसले. कपाटं आवरली, पडदे धुतले, फ्रीजच्या मागचं पुसलं. पोलिसांनी दाराशी येऊन सगळे घरात आहोत ना पाहिलं. दुसऱ्या आणि बाराव्या दिवशी नाकात काडी घातली. मुलगी बरी झाली. नवरा एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाला, "तू एवढी गप्प असतेस तेव्हा मला ऑफिसची भीती वाटत नाही, घराची वाटते." मी त्याला म्हटलं, "चहात आलं घाल."

पंधराव्या दिवशी सकाळी सातला मी तळघरात होते. इलेक्ट्रिशियन स्वतः येऊन कुलूप काढून गेला. मी टॅबलेटवर प्रोफेसरांना लावून समोरच्या स्टुलावर ठेवलं. वजनं उतरवली. एकेक तबकडी जमिनीवर ठेवली की ते मोजायचे. मग भट्टी चालू केली, तासाला थोडं थोडं तापमान वाढवत नेलं. मधे त्यांना झोप लागली, केअररने माझ्याकडे बघून हात हलवला. दुपारी तापमान जागेवर आलं. दोन तास तसंच स्थिर ठेवलं आणि वजनं परत चढवायला घेतली. ते जागे झाले होते. शेवटची तबकडी अडकवली. काटा थोडा हलला आणि थांबला. घड्याळ सुरू केलं.

"धरलंय," मी म्हटलं.

"अजून अडीच महिने," ते म्हणाले.

मी आता रोज जात होते. परवानगीचं पत्र गाडीत असायचं. काटा सरकत होता, पण आधीपेक्षा जास्त. दिवसाला एक घर, मग दोन. मी त्यांना सांगत होते, ते लिहून घेत होते. दोघांनाही अर्थ कळत होता. शेवटाकडे आलेला रॉड असाच धावतो. पण गार होऊन पुन्हा तापलेला रॉडही काही दिवस असा वागू शकतो. आम्ही दुसरी शक्यता मोठ्याने बोललो आणि पहिली बोललो नाही.

नवव्या दिवशी दार उघडलं तर दांडा खालच्या वाळूच्या पेटीत पडला होता. घड्याळ तुटण्याच्या क्षणी आपोआप बंद होतं, तसं झालं होतं. गार राहिलेला काळ सोडून दहा वर्षं आठ महिने, त्याला चार दिवस कमी. नळीपेक्षा दोन महिने आणि काही दिवस आधी.

मी भट्टी बंद केली. वजनं गोळा करून भिंतीशी लावली. मग फोन.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"म्हणजे रेघ चुकली होती."

"तसं म्हणता येत नाही. मी तो गार केला. पुन्हा तापवताना काय झालं असेल कोणाला माहीत? ही चाचणी धरता येणार नाही. विद्यार्थ्याने आणली असती तर तुम्हीच फेकून दिली असती."

"फेकली असती," ते म्हणाले. "तू वहीत काय लिहिलंस?"

"चाचणी खंडित, कारण मॅनेजरची चूक. पुन्हा तापवल्यावर नवव्या दिवशी तुटला. निष्कर्ष नाही."

"मी माझ्या वहीत लिहिलं, तुटला."

"ते अपुरं आहे."

"हो."

आम्ही खरोखर भांडलो. दोष तुझा की माझा म्हणून लोक भांडतात, आम्ही तो एकमेकांकडून ओढून घेत होतो. त्या माणसाने ऐंशी पार केलेली, त्याने चाळीस वर्षं एकच प्रश्न सांभाळलेला, आणि मी त्यात लेथ घुसवला. मला त्यांच्याकडून थोडं ओरडून घ्यायचं होतं. त्यांनी ओरडायचं नाकारलं.

मी रॉडचे तुकडे मायक्रोस्कोपच्या लॅबला पाठवले. ती लॅबही बंद होती, उघडल्यावर आधी महामारीच्या कामाची रांग. नोव्हेंबरमध्ये नंबर लागला. तोवर शहर उघडलं होतं, केअर होममध्ये एका वेळी दोघांना भेटता येत होतं. मी मास्क लावून, टेस्ट करून गेले. ते खिडकीशी बसले होते, पाय सुजलेले. मी फोटो समोर धरले. पोलादाच्या कणांच्या मधल्या सीमांवर बारीक बारीक पोकळ्या, माळेसारख्या.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. "संपत आला होता."

"हो."

"वीज गेली नसती तर किती चालला असता?"

"फोटोवरून नाही सांगता येत. दोन महिने असतील. दोन वर्षं असतील."

"दोन महिन्यांनी माझी चूक. दोन वर्षांनी नाही."

"हो."

मला रिकाम्या हाताने बसता येत नाही. मी पर्याय काढून आले होते. वीज जाईपर्यंतची दहा वर्षं साडेसात महिन्यांची रीडिंग्ज स्वच्छ होती, दर सोमवारची, एकही चुकलेली नाही. मी ती सगळी टाइप करून लॅपटॉपमध्ये आणली होती. वीज जाण्याआधीचा काटा कसा सरकत होता ते घ्यायचं आणि तोच वेग धरून रेघ पुढे न्यायची. कुठे तुटला असता ते दिसेल. एका तासाचं काम, इथेच बसून करू, मी म्हटलं आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवरच्या ब्लँकेटवर ठेवला.

त्यांनी पडद्यावरचे ठिपके पाहिले. पाचशेहून जास्त ठिपके, एकामागे एक, अगदी हळू वर चढणारे. शेवटच्या ठिपक्यापुढे पांढरी जागा. त्यांनी हात उचलून त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"बॉस," ते म्हणाले, "मी एकतिसाव्या वर्षी हेच केलं होतं."

मी लॅपटॉप बंद केला. केअरर जेवण घेऊन आली, भोपळ्याचं सूप होतं. त्यांनी ते संपवलं, मी नॅपकिन दिला, मग भेटीची वेळ झाली.

जानेवारीत ते गेले, हृदयाने. ती फाइल माझ्याकडे आहे. ठिपके आहेत, पुढची रेघ ओढलेली नाही.